सावकार दारात, बाई चुलीपाशी

१९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कथा हरि नारायण आपट्यांची. कर्जापायी जमीन घालवून बसलेला शेतकरी शेवटी शहराची वाट धरतो आणि गिरणीत कामाला लागतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. पुराणातल्या देवदेवतांनी आणि इतिहासातल्या तलवारींनी भरलेल्या तेव्हाच्या पडद्यावर एक कुळवाड्याचं खोपट आलं, ही मोठी गोष्ट होती. दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीत चंदुलाल शाहांनी ‘गुणसुंदरी’ केला. दिवसभर घरात राबणारी बायको, बाहेर रमणारा नवरा. नायिका गोहर. त्याचं इंग्रजी नाव होतं ‘व्हाय हजबंड्स गो अस्ट्रे’, म्हणजे नवरे का बहकतात.

घराची गोष्ट खरी सांगितली ती या दोहोंपैकी कुठल्या चित्रपटानं, यावर माझं आणि मामाचं जमत नाही. मामा बोईसरच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करून निवृत्त झाला. मी पालघरला शिकवते. त्याच्याकडे गेले की जेवणानंतर एखादा जुना चित्रपट लावायचा, हा आमचा शिरस्ता. या खेपेला मी सेसिल डेमिलचा ‘व्हाय चेंज युअर वाइफ?’ लावला. १९२० चा अमेरिकन मूकपट, ग्लोरिया स्वान्सन आणि थॉमस मेइगन यांचा. बायको साधी, करड्या शिस्तीची. नवरा दुसरीकडे वळतो आणि घटस्फोट होतो. मग बायको पाठ उघडी टाकणारे झुळझुळीत कपडे घालून त्याला परत मिळवते. चित्रपट संपला आणि बोलणं सुरू झालं. ते जसं झालं तसं लिहिते आहे, फक्त मधली चहापाण्याची वाक्यं गाळून.

मामा: ही कसली घरगुती गोष्ट? घरात पैशाला तोटा नाही, नोकरचाकर आहेत, कपाटं कपड्यांनी भरलीत. भांडायला दुसरं काही नाही म्हणून ही माणसं भांडतात. आपल्याकडं घर मोडतं ते अशानं नाही मोडत.

मी: कशानं मोडतं?

मामा: कर्जानं. जमीन जाण्यानं. तुझ्या पणजोबांची डोंगरीकडची शेती कशी गेली ते तुला सांगून माझं तोंड दुखलं. त्या घरात नवराबायकोचं भांडण नव्हतं. दोघं एका ताटात जेवायची. तरी घर गेलंच ना? घर राहतं की जातं ते उंबऱ्याबाहेर ठरतं, पोरी. बाबूराव पेंटरांना हे कळलं होतं.

मी: मामा, सुरुवातीचा तो दाढीचा प्रसंग बघितलास ना? तो आरशासमोर उभा आहे. तिला आरशामागच्या कपाटातलं काहीतरी हवंय. तो बाजूला होतो, पुन्हा उभा राहतो, पुन्हा तिला काहीतरी हवंय. एकही शब्द नाही, तरी संसारात दोघं एकमेकांना कशी नकोशी होत गेली ते मला तेवढ्यात कळलं. उंबऱ्याबाहेरचं काही लागलं नाही.

मामा: आणि उपाय काय, तर बायकोनं झगा बदलावा! म्हणजे दोष तिचाच.

इथं मामाचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. डेमिलनं १९१८ ते १९२० च्या दरम्यान असे नवरा-बायकोचे चित्रपट ओळीनं केले. ‘ओल्ड वाइव्हज फॉर न्यू’, ‘डोन्ट चेंज युअर हजबंड’ आणि हा तिसरा. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तेव्हा परदेशी, त्यातही अमेरिकन चित्रपटांचंच राज्य होतं. मुंबईच्या निर्मात्यांच्या डोळ्यांपुढं हे नमुने होते. ‘गुणसुंदरी’च्या इंग्रजी नावाची घडण पाहिली तरी नातं लक्षात येतं. प्रश्न नवऱ्याचा आणि उत्तर मात्र बायकोनं द्यायचं. तरीही मी ‘गुणसुंदरी’ची बाजू सोडत नाही, आणि का सोडत नाही ते मामाला सांगितलं.

मी: तू शेवट बघतोस, मी सुरुवात बघते. ‘गुणसुंदरी’तली बायको सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करते हे पडद्यावर आलं. नवरा दमून येतो, त्याला त्याच्या कटकटी सांगायच्या असतात. पण तिलाही तिच्या कटकटी आहेत आणि त्या ऐकायला त्याला वेळ नाही. मग एका संध्याकाळी तो बाहेर निघतो, तेव्हा तीही नटूनथटून निघते. तू कुठं चाललीस, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडतो. १९२७ साली बाईच्या दिवसभराच्या कामाला कुणी काम म्हणत होतं का? आजही म्हणतात का?

मामा: मी म्हणतो.

मी: आता म्हणतोस. तुझी पहिली पाळी असायची तेव्हा मामी पहाटे कितीला उठायची?

मामा: चारला. सातची पाळी, सहाला कंपनीची बस. डबा लागायचा.

मी: दुसऱ्या पाळीला?

मामा: रात्री मी येईपर्यंत जागी.

मी: आणि रात्रपाळीला तू दिवसा झोपणार म्हणून दोन खोल्यांच्या घरात पोरांना आवाज करू द्यायचा नाही, ते कोण बघायचं? तुझ्या तिन्ही पाळ्या मामीनंही केल्या. तुझ्या पगारपत्रकावर ओव्हरटाइम यायचा, तिचा कशावर यायचा? तुला सावकार दिसला, कारखान्याचा मालक दिसला, कंत्राटदार दिसला. तुझ्या बाबूराव पेंटरांच्या शेतकऱ्यालाही तेच दिसले असणार.

मामा यावर लगेच बोलला नाही. त्यानं विषय बदलला असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. त्याला जे सांगायचं होतं ते त्याच्या दृष्टीनं याहून महत्त्वाचं होतं.

मामा: ‘सावकारी पाश’मधलं ते खोपट तुला माहीत आहे ना? अंधारलेलं खोपट आणि रडणारं कुत्रं?

मी: जे. बी. एच. वाडियांनी आठवण सांगितली आहे, तेच.

मामा: तेच. वाडिया स्वतः चित्रपट काढणारा माणूस, त्यानं आयुष्यात थोडे का बघितले असतील? तरी पुढं कितीतरी वर्षांनी त्याला आठवलं काय, तर काळोखातलं खोपट आणि कुत्र्याचं रडणं. अगं, मूकपट होता तो! आवाज नव्हताच. बघणाऱ्यांनी ते रडणं मनानं ऐकलं. हे कशामुळं साधलं? बाबूरावांनी त्याआधी १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये दिव्यांच्या उजेडात चित्रण करून बघितलं होतं. तोवर सगळं चित्रण उन्हात व्हायचं. उन्हात रात्र कशी दाखवणार? आणि रात्र दाखवता येत नसेल तर कर्जबाजारी घर कसं दाखवणार? ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्याचा दिवस कसाही जातो गं. रात्र जात नाही.

हे बोलताना मामाचा आवाज चढला होता. बाबूराव पेंटर हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय आहे. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस. मावसभाऊ आनंदरावांबरोबर कॅमेरा घडवायच्या खटपटीला लागला. आनंदराव १९१६ मध्ये गेले तरी यानं काम सोडलं नाही, स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. ‘सैरंध्री’त त्यांनी बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या. त्या बायकांना त्यापायी समाजाचं काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते मी मामाला नेहमी सांगते आणि तो नेहमी ऐकून घेतो.

मी: रात्रीचं पटलं. पण एक सांग. पणजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर पणजीचं नाव होतं?

मामा: तेव्हा कुणाच्या बायकोचं असायचं?

मी: मग अंगठा कुणी दिला? कर्ज काढताना तिला विचारलं होतं? पुढं नव्वदच्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला ‘लक्ष्मी मुक्ती’ नावाचा वेगळा कार्यक्रम घ्यावा लागला, नवऱ्यानं थोडी तरी जमीन बायकोच्या नावावर करावी म्हणून. म्हणजे सावकाराशी लढणाऱ्या घरांतसुद्धा बाई कागदाबाहेरच होती. सावकारानं जमीन घेतली हे खरं. पण त्या जमिनीत ती हयातभर राबली आणि गेली तेव्हा तिचं काही गेलं असं कागदावर कुठंच दिसलं नाही. तुझ्या चित्रपटात घर एक असतं, एकजीव असतं, आणि संकट बाहेरून येतं. मला ते घर बघायला गेलं की आतही एक धनी आणि एक राबणारी दिसते.

मामा: घरातल्या धन्याला तू सावकाराच्या पंगतीला बसवतेस. माझा बाप सावकार नव्हता.

मी: नव्हता. पण भाकरी शेवटी कोण खायचं?

हा प्रश्न मी रागानं विचारला नव्हता आणि त्यानंही रागानं घेतला नाही. थोडा वेळ तो डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘अ कॉर्नर इन व्हीट’ विषयी बोलत राहिला. १९०९ चा, पाव तासाच्या आतबाहेरचा मूकपट. एक व्यापारी सगळा गहू ताब्यात घेतो, पावाचे भाव चढतात. एकीकडे त्याची मेजवानी, आणि पावाच्या दुकानात रांगेतली गरीब माणसं चित्रासारखी निश्चल उभी. शेवटी तो व्यापारी स्वतःच्याच धान्याच्या कोठारात पडून गव्हाखाली गुदमरून मरतो. मामाचं म्हणणं असं, की अमेरिकन मूकपटालाही चुलीपलीकडचा बाजार दिसत होता, डेमिलनं तो बघायचं सोडून दिलं. मला हे निम्मं पटतं. त्या निश्चल रांगेचा प्रसंग मी मुलांना वर्गात दाखवते. दर वेळी वर्ग गप्प होतो.

मग बोलणं बोईसरवर आलं आणि इथं मला मामाच्या बाजूचा पुरावा माझ्याच तोंडानं द्यावा लागला.

मी: सावकार गेला असं मी म्हणत नाही. चित्रालयाच्या मागं चाळी आहेत ना, तिथल्या आया मला भेटतात. गटानं घेतलेलं कर्ज, दर आठवड्याला हप्ता. वसुलीवाला येतो तेव्हा सगळ्या जणी एका खोलीत बसतात. एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्यांनी भरायचा, तोवर कुणी उठायचं नाही. नवरा कंत्राटी कामगार, आज काम आहे, उद्या गेटवरून परत. पण हप्ता बाईच्या नावावर. आता कागदावर तिचं नाव आलं मामा, आणि आलं ते कर्जाच्याच कागदावर.

मामा: म्हणजे माझं खरं झालं.

मी: तुझं अर्धं खरं झालं. सावकार आता पुरुषाकडं येत नाही, चुलीपाशी येऊन बसतो. हे ‘सावकारी पाश’च्या चौकटीत मावत नाही आणि ‘गुणसुंदरी’च्याही नाही. त्या बाईला झुळझुळीत साडी नेसून काय मिळणार?

मामा: लग्नगडी माहीत आहे ना तुला?

मला माहीत होतं, पण मामाच्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून गप्प राहिले. वाचकांतल्या ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी त्याचं सांगणं जरा सविस्तर देते, कारण आमच्या जिल्ह्याची घरगुती कथा मला तिथंच सापडते.

मामा: डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात वारल्यांची जमीन जमीनदार-सावकारांच्या घशात गेली. ज्याची जमीन, तोच त्यात वेठीला. लग्न करायचं तर धान्य हवं, कपडा हवा, दारू हवी. पैसे नाहीत म्हणून कितीतरी जोडपी तशीच एकत्र राहायची, पोरं व्हायची, लग्न मागाहून कधीतरी. ज्याला लग्न करायचं तो सावकाराकडून पैसे उचलायचा आणि त्याबदली त्याच्याकडं राबायचा. तो लग्नगडी. रक्कम फिटायची नाहीच. आणि राबायचा तो एकटा नाही, बायकोही राबायची. तिच्यावरही मालक हक्क सांगायचा. कसला हक्क ते तू बाई आहेस, तुला वेगळं सांगायला नको. १९४५ च्या मे महिन्यात झरीला परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर आले, किसान सभेचा लाल बावटा आला. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं वारल्यांनी ठरवलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड पडला. तरी माणसं हटली नाहीत. आता तू सांग, हे घरातलं की बाहेरचं?

मला त्याचं उत्तर लगेच देता आलं नाही. मी मनाशी त्या लग्नाचं चित्र जुळवत होते. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघट देवी. तो लिहितात सवाशिणी. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. ज्या लग्नात देवीही बाई, लिहिणारीही बाई आणि लावणारीही बाई, ते लग्न संपलं की त्याच घरातली नवी नवरी सावकाराच्या खळ्यात गुलाम. कर्ज नवऱ्यानं काढलेलं, आणि काढलेलं तिच्याशी लग्न करण्यासाठी. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये या माणसांचं जिणं लिहून ठेवलं, १९७० साली. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यावर मनाला पटेल असा एक घरगुती चित्रपट मात्र मला अजून पाहायला मिळालेला नाही.

मी: घरातलंही आणि बाहेरचंही. पण मामा, तू सांगितलंस ते सगळं लग्नगड्याच्या बाजूनं सांगितलंस. लग्नगड्याच्या बायकोला तर नावसुद्धा नाही. मी चित्रपट काढला तर तिच्यापासून सुरुवात करीन. चौक अजून ओला आहे, हळदीचे हात आहेत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिला कळतं की आपण कुठं राबायला जायचंय.

मामा: मी सुरुवात करीन ती त्यानं पैसे उचलले तिथून. ते दाखवल्याशिवाय तिची पहाट लोकांना कळणार नाही. लोक म्हणतील, नवरा वाईट होता.

मी: आणि तुझ्या सुरुवातीनं म्हणतील, नवरा बिचारा होता.

यावर आमचं जमलं नाही, अजूनही जमलेलं नाही. माझं मत मी इथं स्पष्ट लिहिते. ‘सावकारी पाश’ हा धाडसाचा चित्रपट होता, ‘गुणसुंदरी’हून मोठा. मामाशी वाद घालूनही हे मी मानते. पण त्याच्या वाटेनं पुढं गेलेल्या मराठी-हिंदी चित्रपटांनी कर्जाची गोष्ट पुरुषाच्या खांद्यावरून सांगायची सवय लावून घेतली, आणि ‘गुणसुंदरी’च्या वाटेनं गेलेल्यांनी बाईची गोष्ट पैशावाचून सांगायची. या दोन्ही वाटांवर आमच्याकडची घरं दिसत नाहीत. आमच्या जिल्ह्यातून जव्हार-मोखाड्याची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. उचल घेतो नवरा, विटा पाडतात दोघं, आठवड्याची खावटी मिळते आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात ती वळती होते. तारापूरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. पुनर्वसनाच्या बातम्यांत घरं, भूखंड, नोकऱ्या यांचे आकडे येत राहिले. समुद्रकाठी मासळी सुकवणारी बाई नव्या जागी सकाळी उठून काय करते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

शेवटी मामानं एक हळहळ बोलून दाखवली, ती मात्र आमच्या दोघांची आहे.

मामा: आपण भांडतोय त्या दोन्ही चित्रपटांचा एक तुकडाही आपण बघितलेला नाही.

खरंच नाही. ‘गुणसुंदरी’ चंदुलाल शाहांनी १९३४ मध्ये गोहरलाच घेऊन बोलपट म्हणून पुन्हा केला, ‘सावकारी पाश’ बाबूरावांनी १९३६ मध्ये. मूळ मूकपट हरवले. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे १,३०० चित्रपट निघाले, त्यांतले मूठभरच उरले, तेही पुष्कळसे तुटक. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ बराचसा शिल्लक आहे हे नशीब. अमेरिकेतही फार वेगळं नाही. तिथल्या मोठ्या लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले सुमारे १४ टक्के, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी, उष्ण हवेत कुजणारी. बोलपट आल्यावर जुनी रिळं अडगळ झाली आणि त्यांतल्या चांदीसाठी कितीतरी विकलीही गेली. डेमिलचा झग्याचा चित्रपट वाचला आणि बाबूरावांचं खोपट गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून दोन विनंत्या. कोल्हापुरात, मुंबईत, आमच्या पालघर-डहाणूच्या जुन्या घरांत माळ्यावर एखाद्या टुरिंग टॉकीजवाल्याच्या ट्रंका पडून असतील, तर त्यांतली रिळं, जाहिराती, कथेच्या पुस्तिका रद्दीत घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. रीळ स्वतः उलगडू नका, उन्हात ठेवू नका, जवळ आग नेऊ नका. आणि बोईसर-पालघरची जी मुलं मोबाइलवर लघुपट करतात त्यांना सांगते, वीटभट्टीवर जा, चाळीतल्या हप्त्याच्या बैठकीला बसू दिलं तर बसा, आणि कॅमेरा त्या बाईच्या उंचीवर धरा. सुरुवात मामाच्या बाजूनं करायची की माझ्या, ते तुम्ही ठरवा.